कॅन्ससच्या विहिरी, नऊ फेसीज आणि ०.४३

भूशास्त्रात एमएस्सी करून वर डेटा सायन्सचा कोर्स केलेली मुलं हल्ली बरीच दिसतात. मुलाखतीत त्यांना हमखास विचारलं जातं, दगडांच्या अभ्यासाचा इथे काय उपयोग? बहुतेक जण ‘डोमेन नॉलेज’ या दोन शब्दांवर वेळ मारून नेतात. त्या दोन शब्दांत नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे स्वच्छ दिसणारं एक प्रकरण इथे मांडतो. त्यातला डेटा, कोड आणि निकाल सगळंच खुलं आहे, त्यामुळे माझं म्हणणं पटलं नाही तर स्वतः चालवून बघता येतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एसईजी या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या ‘द लीडिंग एज’ मासिकात ब्रेंडन हॉल यांचा एक छोटा ट्युटोरियल लेख आला. हॉल तेव्हा एन्थॉट या पायथनवाल्या कंपनीत होते. विषय असा: तेल-वायूच्या विहिरीचे लॉग, म्हणजे आत उपकरणं सोडून खोलीनुसार घेतलेली मोजमापं, मशिन लर्निंगला द्यायचे आणि कुठल्या खोलीवर कुठला खडक आहे ते ओळखायला लावायचं. लेखासोबत डेटा आणि पूर्ण कोड दिला होता, आणि त्यातूनच स्पर्धा जाहीर झाली. आमचं मॉडेल हे असं आहे, यापेक्षा चांगलं करून दाखवा. मुदत ३१ जानेवारी २०१७. अट एकच, तुमचा कोडही गिटहबवर सगळ्यांना दिसला पाहिजे.

डेटा मात्र हॉल यांचा नव्हता. तो कॅन्सस राज्याच्या भूशास्त्र सर्वेक्षणातल्या जेफ बोलिंग, मार्टिन ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांच्या कामातून आला होता. त्यांनी २००३ च्या सुमारासच याच विहिरींवर न्यूरल नेटवर्क चालवून पाहिलं होतं. ‘एआय आत्ताच आलं’ असं म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

जागा आणि खडक

कॅन्ससच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पॅनोमा नावाचं वायूक्षेत्र आहे. विस्तार सुमारे २७०० चौरस मैल, म्हणजे साधारण आपल्या रायगड जिल्ह्याएवढा. वायू आहे तो काउन्सिल ग्रोव्ह नावाच्या खडकगटात, पर्मियन काळाच्या सुरुवातीच्या, मुख्यतः चुनखडकाच्या थरांत. या थरांची ठेवण ठरावीक आहे: समुद्री चुनखडक, त्यावर जमिनीवर साचलेला सिल्ट (बारीक गाळ), त्यावर पुन्हा चुनखडक, पुन्हा सिल्ट. समुद्र आत यायचा आणि मागे हटायचा, हे पुन्हा पुन्हा झालं.

का झालं, याचं उत्तर आपल्या अंगणात आहे. त्या काळी गोंडवनावर, म्हणजे भारतही ज्याचा भाग होता त्या दक्षिणेकडच्या महाखंडावर, प्रचंड हिमनद्या होत्या. त्या वाढल्या की जगभरची समुद्रपातळी उतरायची, वितळल्या की चढायची. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरईजवळ तालचीर काळातल्या हिमनदीने खरवडलेला खडक आहे. भूशास्त्राच्या सहलींत तो अनेकांनी पाहिला असेल. दक्षिणेकडच्या त्याच हिमयुगाच्या चढउतारांनी कॅन्ससच्या उथळ समुद्राचा किनारा मैलोगणती पुढेमागे हलवला. हा मुद्दा नुसत्या माहितीपुरता नाही, तो पुढे थेट मॉडेलमध्ये येतो.

आता खडक ओळखायचा कसा? विहीर खोदताना खडकाचा सलग दंडगोल कापून वर काढला तर तो कोअर. कोअर हातात असेल तर भूशास्त्रज्ञ भिंगातून पाहून सांगतो की हा अमुक खडक. पण कोअर काढणं महाग, म्हणून तो मोजक्याच विहिरींचा असतो. लॉग मात्र जवळपास प्रत्येक विहिरीचे असतात. केबलला उपकरणं बांधून तळापर्यंत सोडायची आणि वर ओढत येताना मोजमापं घ्यायची. जिथे कोअर आणि लॉग दोन्ही आहेत तिथे मशिनला शिकवायचं आणि जिथे फक्त लॉग आहेत तिथे तिच्याकडून खडक ओळखून घ्यायचा, एवढाच हा खेळ. मुंबई हायचा एल-थ्री साठाही मायोसीन काळातला चुनखडकच आहे, त्यामुळे लॉगवरून चुनखडकाचा पोत ओळखायचा प्रश्न इथल्या तेलवाल्यांनाही नवा नाही.

कोअर पाहणाऱ्यांनी खडकाची नऊ फेसीजमध्ये, म्हणजे नऊ प्रकारांत, वाटणी केली होती. पहिल्या तीन जमिनीवरच्या: वालुकाश्म, भरड सिल्टस्टोन, बारीक सिल्टस्टोन. पुढच्या सहा समुद्री: सिल्ट-शेल, मडस्टोन, वॅकस्टोन, डोलोमाइट, पॅकस्टोन-ग्रेनस्टोन आणि शेवटी शैवालांनी बांधलेला बॅफलस्टोन. दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना वॅकस्टोन-पॅकस्टोन हे शब्द बहुधा पुस्तकातच भेटतात, म्हणून थोडक्यात सांगतो. चुनखडकात शिंपल्यांचे, जीवांचे कण चिखलात सुटे तरंगत असतील तर वॅकस्टोन, एकमेकांना टेकलेले असतील तर पॅकस्टोन. आता कण नेमके कधी टेकतात? दोन अनुभवी माणसं एकाच कोअरवर यावरून वाद घालू शकतात. हेही पुढे लागेल.

तक्त्यातल्या पहिल्या तीन ओळी

तक्ता ४१४९ ओळींचा आहे. दर अर्ध्या फुटाला एक ओळ आणि प्रत्येक ओळीत सात आकडे. पाच लॉगचे: गॅमा रे, रेझिस्टिव्हिटी, न्यूट्रॉन आणि डेन्सिटी सच्छिद्रतेची सरासरी, त्याच दोघांतला फरक, आणि फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट म्हणजे पीई, जो खडकातल्या खनिजानुसार बदलतो. उरलेले दोन आकडे भूशास्त्रज्ञाने दिलेले: थर जमिनीवरचा की समुद्री, आणि त्या थरात आपण वर आहोत की खाली.

श्रिम्पलिन नावाच्या विहिरीपासून सुरुवात होते:

२७९३.० फूट: गॅमा रे ७७.४५, पीई ४.६, फेसीज ३
२७९३.५ फूट: गॅमा रे ७८.२६, पीई ४.१, फेसीज ३
२७९४.० फूट: गॅमा रे ७९.०५, पीई ३.६, फेसीज ३

नुसता डेटा सायन्स शिकलेला माणूस इथे तीन नमुने पाहतो. लॉग वाचायची सवय असलेल्याला हा एकच नमुना दिसतो, तीनदा मोजलेला. गॅमा रेचं उपकरण सुईच्या टोकाएवढी जागा मोजत नाही, आजूबाजूचा फूट-दीड फूट खडक एकत्र मोजतं. अर्ध्या फुटावरचा आकडा आधीच्या आकड्यासारखाच येणार, आणि खडकाचा थर एकदा सुरू झाला की काही फूट तोच राहणार.

दुसरी गोष्ट पीईची. क्वार्ट्‌झचा पीई सुमारे १.८, डोलोमाइटचा ३.१, कॅल्साइटचा ५.१. फेसीज ३ म्हणजे जमिनीवरचा बारीक सिल्टस्टोन. त्यात ४.६ कुठून आला? थर पाहिला तर तो काउन्सिल ग्रोव्हचा अगदी वरचा, आणि त्याच्या डोक्यावर बसलाय रेफर्ड चुनखडक. माझा अंदाज असा की उपकरणाला अजून वरचा चुनखडक थोडा ‘दिसतोय’ आणि खाली जाऊ तसा त्याचा प्रभाव ओसरतोय: ४.६, ४.१, ३.६. किंवा सिल्टमध्येच कॅल्साइटचं सिमेंट असेल. कोअर पाहिला की निकाल लागेल. मॉडेल मात्र यातून एवढंच शिकतं की फेसीज ३ चा पीई ४.६ असू शकतो. हे शिकणं चूक नाही, पण ते सीमेजवळ खरं आणि थराच्या पोटात खोटं आहे. सीमा कुठे आहे हे त्या ओळीत लिहिलेलंच नाही.

०.४३

हॉल यांनी सपोर्ट व्हेक्टर मशिन ही वर्गीकरणाची पद्धत वापरली, पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीतली नेहमीचीच. शँकल नावाची एक विहीर पूर्ण बाजूला ठेवली आणि बाकी विहिरींच्या ओळी पिसून काही शिकवण्याला, काही तपासणीला वापरल्या. पिसलेल्या तपासणीत गुण छान आले. शँकलवर एफ१ (शून्य ते एकमधला गुण, एक म्हणजे सगळं बरोबर) आला ०.४३.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या दोन निकालांतल्या दरीत आहे. हॉल यांनी दोन्ही तपासण्या करून दोन्ही निकाल छापले, हे त्यांचं मोठेपण. कोर्समध्ये शिकवतात ते फक्त पिसणं. ओळी पिसून वाटल्या की २७९३.५ शिकवण्यात जाते आणि २७९४.० तपासणीत येते. मॉडेलने खडक ओळखलेला नसतो, शेजारी ओळखलेला असतो. प्रत्यक्षात कंपनीला हवी असते नवी विहीर, आणि तिचा एकही शेजारी तक्त्यात नसतो. म्हणून तपासणीही विहिरीनेच व्हायला हवी: एक विहीर झाकायची, बाकीच्यांवर शिकवायचं, मग दुसरी झाकायची. स्पर्धेतल्या चांगल्या संघांनी हेच केलं.

पण ०.४३ चं सगळं खापर पिसण्यावर फोडणंही बरोबर नाही. शँकलची विहीर उघडून पाहा. ४४९ ओळींपैकी ८९ वालुकाश्माच्या आहेत. संपूर्ण तक्त्यात वालुकाश्माच्या ओळी २६८. म्हणजे शँकल झाकली की वालुकाश्माचा एक तृतीयांश डेटा शिकवण्यातून गेला. उलट श्रिम्पलिनमध्ये वालुकाश्म औषधालाही नाही. मॉडेलने शँकलचा बराचसा वालुकाश्म भरड सिल्टमध्ये टाकला यात नवल ते काय? भूशास्त्रज्ञाला यात गोंधळ वाटत नाही. जमिनीवरची वाळू सगळीकडे सारखी पसरत नाही, एकीकडे जाड असते आणि दुसरीकडे विरते. ‘क्लास इम्बॅलन्स’ (काही वर्गांच्या ओळी फारच कमी असणं) म्हणून ज्यावर कोर्समध्ये चार ओळींचा उपाय सांगतात, त्याचं खरं कारण इथे नकाशावर आहे.

स्पर्धेत काय चाललं

चाळीसच्या आसपास संघ उतरले. गुण द्यायला स्टुअर्ट आणि क्रॉफर्ड या दोन विहिरी होत्या, ८३० ओळी, त्यांची उत्तरं स्पर्धकांना दिली नव्हती. प्रत्येक मॉडेल वेगवेगळ्या रँडम सीडने, म्हणजे सुरुवातीची यादृच्छिक निवड बदलून, शंभर वेळा चालवून मधला गुण धरला. हे बरं झालं, कारण दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकांतला फरक फक्त तिसऱ्या दशांशात होता आणि एका सीडच्या नशिबाने तो उलटला असता.

जिंकली एलए टीम, म्हणजे लुकास मॉसर आणि आल्फ्रेडो दे ला फुएन्ते, सुमारे ०.६४ वर. वरच्या संघांची पद्धत बूस्टेड ट्रीज, म्हणजे एकामागोमाग एक निर्णयवृक्ष जोडत जाणारी, एक्सजीबूस्टच्या घराण्यातली. न्यूरल नेटवर्कवालेही होते, पण चार हजार ओळींवर त्यांची डाळ शिजली नाही.

पण गुण वाढवणारी खरी युक्ती अल्गोरिदममध्ये नव्हती. ती आणली पाओलो बेस्टाजिनी यांनी, मिलानच्या पोलितेक्निकोतून. त्यांनी प्रत्येक ओळीला तिच्या वरच्या आणि खालच्या ओळींचे आकडे जोडले आणि खोलीबरोबर लॉग किती वेगाने बदलतोय तो उतारही जोडला. एवढ्याने मॉडेलला ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणजे काय ते कळलं. कोड खुला असल्यामुळे इतरांनी ती युक्ती उचलली, विजेत्यांनीही.

गंमत म्हणजे बेस्टाजिनी भूशास्त्रज्ञ नाहीत, सिग्नल प्रोसेसिंगचे आहेत. लॉग म्हणजे खोलीवर आखलेला सिग्नल, आणि सिग्नलच्या माणसाला शेजारच्या नमुन्याशिवाय चैनच पडत नाही. सतराव्या शतकातल्या स्टेनो या शास्त्रज्ञापासून भूशास्त्र शिकवत आलंय की थराचा अर्थ त्याच्या वरच्या-खालच्या थरांवरून लावायचा. तीच गोष्ट इथे दुसऱ्या दारातून आत आली. तेव्हा ‘भूशास्त्र शिकलेल्यालाच हे सुचतं’ असा दावा मी करणार नाही. भूशास्त्र शिकलेल्याला हे न सुचणं मात्र लाजिरवाणं आहे.

मग भूशास्त्र नक्की कुठे लागतं? त्या युक्तीच्या पुढच्याच पायरीवर. तक्त्यात विहिरींची नावं दहा आहेत, पण विहिरी नऊच. दहावं नाव ‘रिक्रूट एफ९’, ८० ओळी, सगळ्या फेसीज ९ च्या. बॅफलस्टोन कमी पडतो म्हणून इकडून तिकडून भरती करून बनवलेली ही खोटी विहीर आहे. बॅफलस्टोनच्या एकूण १८५ ओळींपैकी ८० हिच्यातल्या. आता तिच्यात ‘वरची ओळ’ आणि ‘खालची ओळ’ याला काही अर्थ आहे का? त्या ओळी खडकात एकमेकींच्या शेजारी नव्हत्याच. तिथे काढलेला उतार म्हणजे निव्वळ कचरा. आणि विहिरीनुसार तपासणी करताना ही दहावी ‘विहीर’ झाकली तर एकाच फेसीजवर परीक्षा घेतल्यासारखं होतं. कोड दोन्ही ठिकाणी बिनतक्रार चालतो, लाल ओळ कुठेच उमटत नाही.

पीईचंही तसंच. ९१७ ओळींत पीई नाही. नीट पाहिलं तर अलेक्झांडर डी आणि किमझी ए या दोन विहिरींत तो एकाही ओळीत नाही, बाकीच्या १२ ओळी त्या रिक्रूटमधल्या. म्हणजे आकडे इथेतिथे गळालेले नाहीत, त्या दोन विहिरींत ते उपकरण लागलंच नसावं. हॉल यांनी त्या ओळी टाकून दिल्या आणि ३२३२ उरल्या. काहींनी सरासरी भरली. मला हे पटत नाही. चुनखडक आणि सिल्ट आलटून पालटून येणाऱ्या विहिरीत सगळीकडे एकच सरासरी पीई भरणं म्हणजे जो लॉग चुनखडक ओळखायला सर्वांत कामाचा, तोच सपाट करून टाकणं. काहींनी बाकीच्या लॉगवरून पीईचा अंदाज बांधणारं वेगळं मॉडेल केलं. दोन विहिरी घालवण्यापेक्षा ते बरं, फक्त त्या अंदाजात नवी माहिती नसते हे विसरू नये.

आयता मिळालेला आकडा

जमीन की समुद्र हा सातांतला एक आकडा आहे हे वर सांगितलं. नऊपैकी तीन फेसीज जमिनीच्या आणि सहा समुद्राच्या, म्हणजे हा एक आकडा अर्धा प्रश्न सोडवून देतो. तो कुठलं उपकरण मोजत नाही. कुणीतरी प्रत्येक विहिरीच्या लॉगवर थरांच्या सीमा खुणावल्या, हा ए१ शेल, हा ए१ लाइमस्टोन, आणि थराच्या नावावरून जमीन-समुद्र ठरला. हे जमलं कारण त्या हिमयुगी चढउतारांमुळे थर एकाआड एक येतात आणि विहिरीमागून विहिरीत जुळवता येतात.

याला फसवणूक म्हणायचं का? मी म्हणत नाही. बोलिंग-ड्युबॉइस यांनी तो आकडा विचार करूनच घातला होता, ‘भूशास्त्रीय बंधन’ म्हणून. पण ज्याला हे मॉडेल दुसऱ्या खोऱ्यात न्यायचंय त्याने तो स्तंभ काढून एकदा गुण पाहावेत. नव्या विहिरीत थरांच्या सीमा खुणावणारं माणूस आधी लागेल, मग मॉडेल. जिथे थर असे इमानदारीने जुळत नाहीत, समजा नदीच्या त्रिभुज प्रदेशात, तिथे हा आकडा मिळणारच नाही.

०.६४ म्हणजे किती

एका ओळीला एकच उत्तर असताना स्पर्धेत वापरलेला मायक्रो एफ१ आणि साधी अचूकता एकच असतात. तेव्हा ०.६४ म्हणजे ८३० पैकी सुमारे ५३० ओळी बरोबर, ३०० चूक. ऐकायला वाईट वाटतं.

हॉल यांच्या कोडमध्ये दुसरंही एक माप होतं: शेजारची फेसीज सांगितली तरी बरोबर धरायचं. भरड सिल्टच्या जागी बारीक सिल्ट, वॅकस्टोनच्या जागी मडस्टोन, अशा चुका माफ. असं मोजलं की गुण बरेच वर जातात. कोअर पाहणारी माणसंही जिथे सहमत नसतात, तिथे मॉडेलला दोष देणं जरा कठोरच. लेबल म्हणजे सत्य, असं कोर्समध्ये गृहीत धरलेलं असतं. इथे लेबल म्हणजे एका माणसाने एका दिवशी भिंगातून पाहून दिलेलं मत.

तरी ही माफी सरसकट देता येत नाही. ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांना फेसीज हव्या होत्या त्या वायूक्षेत्राचं त्रिमितीय मॉडेल उभं करायला, कोअर नसलेल्या शेकडो विहिरींवर, आणि प्रत्येक फेसीजवरून पारगम्यता काढायला. तितकीच सच्छिद्रता असली तरी चिखलाळ वॅकस्टोनमधून वायू वाहतो त्यापेक्षा कणाकणांच्या पॅकस्टोन-ग्रेनस्टोनमधून कितीतरी सहज वाहतो. शेजाऱ्यांच्या यादीत हे दोघे एकमेकांचे शेजारी आहेत, म्हणून ती चूक माफ होते. साठ्याच्या हिशेबात तीच चूक सर्वांत महाग पडते. भरड आणि बारीक सिल्टमधला घोळ त्या मानाने परवडतो, आणि तक्त्यात ९४० व ७८० ओळींनी सर्वांत जास्त भरणा त्याच दोघांचा आहे. गुणांचा मोठा हिस्सा त्यामुळे अशा फरकावर ठरतो ज्याची वायूसाठ्याचा हिशेब करणाऱ्या (रिझर्व्हॉयर) अभियंत्याला फारशी फिकीर नसते. मला हे मॉडेल वापरायचं असतं तर आधी अभियंत्याशेजारी बसून नऊ बाय नऊचा तक्ता आखला असता, कुठली चूक किती महाग ते त्यात लिहिलं असतं, आणि शिकवताना ती किंमतच लावली असती. स्पर्धेत सगळ्या चुका एकाच भावाने मोजल्या गेल्या.